जीपच्या मापाचा स्वेटर

ओद्दुरचं उभं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळण्यात गेलं, आणि त्यातलं निम्मं गंज खरवडण्यात. बोट गंजायची, तो खरवडून रंग लावायचा, खारं वारं तो रंग खाऊन टाकायचं, की पुन्हा खरवडणं. त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्याने नवी कोरी जीप घेतली, कमरेएवढ्या चाकांची आणि पिकल्या ब्लूबेरीसारख्या निळ्या रंगाची, तेव्हा तो तिला तळहाताच्या फोडासारखा जपणार हे समुद्रकाठच्या एयरी गावात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. फक्त फोडालासुद्धा कधीतरी हवा लागू देतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

जीप घेतली होती डोंगरात जायला. तसं त्यानेच साल्व्होरला, म्हणजे बायकोला, सांगितलं होतं. "तुला तुझ्या डोंगरात फिरवून आणतो," म्हणाला होता. आणि दर रविवारी तो तिला खरोखर फिरवून आणायचा, पुलापलीकडे 'डांबर संपलं' अशी पाटी आहे तिथपर्यंत. पाटी आली की गाडी वळवायचा.

"का रे?" साल्व्होर विचारायची.

"पुढे खडी आहे."

"डोंगरात खडीच असते, ओद्दुर. लोण्याचे डोंगर कुठे असतील तर सांग, तिकडे जाऊ."

"तुला थट्टा सुचते. समोरून एखादा शहाणा वेग कमी न करता येतो. एक खडा उडतो. टक्. मसुराएवढा रंग जातो. त्या मसुराएवढ्या जागेत गंज शिरतो. पुढचं मला विचारू नकोस, तो सिनेमा मी आयुष्यभर बघितलाय."

तसे त्याचे उपाय चालू होते. चाकांच्या मागे त्याने रबराचे एवढे मोठे पडदे लावले होते की जीप मागून झगा घातल्यासारखी दिसायची. मेणाचे थरावर थर दिले होते. रंगावर चिकटवायची एक पारदर्शक फिल्म मिळते, तीही लावायची ठरली होती, पण शहरातल्या फिल्मवाल्याने नोव्हेंबरची तारीख दिली होती. तोपर्यंत जीप गॅरेजात आणि ओद्दुर तिच्याजवळ, मऊ फडकं घेऊन. साल्व्होरला कधी कधी वाटायचं, आपण लग्नाची बायको असून आपल्या वाट्याला एवढं मऊ फडकं कधी आलं नाही.

ऑगस्ट संपता संपता तिच्या भावाचा, केतिलचा, फोन आला. केतिल सेल्दालुर खोऱ्याचा डोंगरराजा. मेंढ्या उन्हाळाभर डोंगरात मोकळ्या चरतात आणि सप्टेंबरात सगळं खोरं मिळून त्यांना हाकून खाली आणतं. त्या दिवसांत डोंगरराजा म्हणेल ती पूर्व दिशा. एरवी केतिलचं त्याच्या घरातही कुणी ऐकत नसे.

"साल्व्होर, मेंढ्या हाकणाऱ्यांना वरच्या झोपडीत जेवण पोचवणारा गाडीवाला कंबर धरून बसलाय," केतिल म्हणाला. "तुमच्याकडे एक मोठी गाडी आहे असं ऐकतो. की नुसती शोभेची आहे?"

"शोभेचीच आहे."

"बघ बाई. माझं हे राजेपणाचं शेवटचं वर्ष. गुडघे संपले. तू एकदा वर असावीस असं वाटलं, एवढंच."

सेल्दालुर तिचं माहेर. लहानपणी ती बापाच्या घोड्यामागे बसून वर जायची. लग्न झालं आणि सगळे सप्टेंबर एयरीतच गेले: ओद्दुर समुद्रावर, मुलं लहान, मग तिची माशांच्या कारखान्यातली नोकरी. माहेरची मेंढरं दरसाल डोंगरावरून उतरली, ही कधी चढलीच नाही. आता मुलं मोठी, नवरा जमिनीवर, दारात जीप. भाऊ राजा असताना एकदा वर जाऊन यायचं, आणि ते याच वर्षी; पुढच्या वर्षी राजा दुसरा कुणीतरी असणार. तिला ते इतकं हवं होतं की तिची तिलाच लाज वाटली. तिने ओद्दुरला विचारलं. ओद्दुर म्हणाला, "नोव्हेंबरनंतर नक्की." नोव्हेंबरात डोंगरावर बर्फाखेरीज काही नसतं.

खरी गंमत झाली ती कुंडात. एयरीत पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचं कुंड आहे, आणि गावातलं जे काही ठरतं ते गळ्याएवढ्या पाण्यात बसून तिथेच ठरतं. कुंडात दिलेला शब्द चर्चमध्ये दिलेल्या शब्दापेक्षा पक्का मानतात, कारण चर्चला एवढी माणसं येत नाहीत. त्या दिवशी ओद्दुर, साल्व्होर, टपाल कचेरीतली रान्व्हेग आणि आणखी अर्धं गाव पाण्यात होतं. रान्व्हेगने विषय काढला, कारण दुसऱ्याच्या घरातला विषय काढणं हे ती नोकरीचाच भाग समजते.

"काय ओद्दुर, बायकोला डोंगरात नेत नाहीस म्हणे. दगडाला भितोस?"

ओद्दुरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "भितो कोण? माझं म्हणणं सोपं आहे. दगड अडवेल असं काहीतरी त्या गाडीच्या अंगावर घाला. मग मी तिला डोंगरात काय, ज्वालामुखीत घेऊन जातो."

"काहीतरी म्हणजे काय?" साल्व्होरने हळूच विचारलं.

"काहीही."

"काहीही?"

"आता लिहून देऊ का? काहीही."

रान्व्हेगने कुंडभर नजर फिरवली. "ऐकलं ना सगळ्यांनी?" सगळ्यांनी माना हलवल्या, आणि ओद्दुरला पहिल्यांदाच पाणी जरा जास्त गरम वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात गेला तर साल्व्होर जीपच्या पुढच्या भागाला टेप लावून वाकलेली.

"काय करतेस?"

"छाती मोजतेय."

"कुणाची?"

"हिची. चांगली भरदार आहे. तुझ्यापेक्षा बरी."

ओद्दुरला काही कळलं नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर न कळलेल्या गोष्टी विचारायच्या नसतात हे त्याला कळत होतं. त्याने फक्त टेपचं पत्र्याचं टोक रंगाला लागत नाही ना ते पाहिलं.

गुरुवारच्या विणकाम मंडळाने पुढचे दोन आठवडे बाकीची सगळी कामं बाजूला सारली. दोन नातवंडांचे मोजे आणि पाद्रीबाईंची टोपी अर्धवट राहिली. लोकर इथल्याच मेंढ्यांची, जाडीभरडी, दोन पदरी घेतलेली. सुया बोटाएवढ्या जाड. दोघी बॉनेटचा भाग विणत होत्या, दोघी कडा, आणि गळ्याभोवतीची नक्षी साल्व्होरने कुणालाही हात लावू न देता स्वतः घेतली होती. वाद झालेच. गळा कुठे ठेवायचा यावरून रान्व्हेगचं आणि तिचं वाजलं.

"जाळीपाशी ठेवायचा," साल्व्होर म्हणाली. "तिथून ती श्वास घेते. बुजवलास तर उकळेल."

"आणि बाह्या?"

"बाह्या आरशांना."

"आरशांना कशाला बाह्या?"

"बिनबाह्यांचा स्वेटर घालून डोंगरात पाठवतेस? सर्दी झाली तर तू निस्तरशील?"

हसून हसून बायकांची पुरेवाट झाली आणि त्यात कितीतरी टाके सुटले. ते उसवून पुन्हा विणताना पुन्हा हसू आलं, त्यामुळे काम लांबलं.

स्वेटर घालायच्या दिवशी गॅरेजसमोर अख्खं गाव लोटलं. चौघांनी कडा धरून तो वर चढवला, दिव्यांची भोकं दिव्यांवर आणली, आरसे बाह्यांतून बाहेर काढले आणि कडेच्या नाड्या चाकांमागून पोटाखाली घट्ट बांधल्या. काचेपासून खाली सगळी जीप पांढऱ्या लोकरीत, गळ्याला करड्या-तपकिरी नक्षीचं कडं, दोन्ही बाजूंना दोन बाह्या कानांसारख्या बाहेर आलेल्या. ओद्दुर समोर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून एकदोघांनी लोकांच्या पाठीआड तोंड लपवलं.

"ही काय थट्टा आहे?"

"काहीही म्हणालास," साल्व्होर म्हणाली.

"म्हणाला होतास," गाव म्हणालं.

पण ओद्दुर इंजिनवाला होता, आणि इंजिनवाला माणूस तपासल्याशिवाय नाही म्हणत नाही. त्याने उरलेला एक विणलेला तुकडा मागून घेतला, स्वतःच्या हाताला गुंडाळला, हात लांब केला आणि रान्व्हेगला म्हणाला, "मार दगड."

रान्व्हेगला दोनदा सांगावं लागलं नाही. तिने चांगला मुठीएवढा निवडला. थप्प असा आवाज झाला. ओद्दुरने तुकडा सोडून हात उलटासुलटा करून पाहिला.

"अजून एक बघू का?" रान्व्हेगने विचारलं. तिच्या हातात दुसरा तयार होता.

"पुरे." त्याने बाही खाली केली आणि साल्व्होरकडे पाहिलं. "वर न्यायचं सूप किती वाजता भरायचं?"

साल्व्होरला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली. तिने मारलीही, छोटीशी, आणि मग चिखल झटकल्याचं नाटक केलं.

'डांबर संपलं' ही पाटी मागे पडली तेव्हा ओद्दुरने डोळे मिटले होते, निदान एक तरी. मग खडी सुरू झाली. पहिला दगड बॉनेटवर आपटला तो टक् करून नाही, उशीवर बुक्की मारल्यासारखा. दुसरा तसाच. ओद्दुर पहिल्या टेकडीवर थांबला, उतरला, स्वेटरची कड उचलून आत डोकावला, काही नाही. दुसऱ्या टेकडीवर पुन्हा. तिसऱ्या टेकडीवर साल्व्होर म्हणाली, "दर टेकडीवर बाईमाणसाचा स्वेटर उचलून बघतोस, लोक काय म्हणतील?" त्यावर तो इतका हसला की पुढच्या टेकडीवर थांबायचं विसरला. त्याच्या पुढच्या टेकडीवर त्याने वेग वाढवला. समोरून एक ट्रक धुरळा उडवत, खड्यांचा मारा करत गेला, तर ओद्दुरने काच खाली करून त्याला हात केला. मागे सुपाची पातेली डचमळत होती, तळलेल्या क्लेनूरचा, म्हणजे शंकरपाळ्यांसारख्या खाऊचा, डबा उड्या मारत होता. साल्व्होर एकेका डोंगराला नावानिशी हाका मारत होती, आणि तो चुकीची नावं परत म्हणून तिला चिडवत होता.

झोपडीच्या अलीकडे नदी. पाणी हिमनदीचं, राखाडी, रेताड, बॉनेटपर्यंत चढलं. ओद्दुरने बोटवाल्याच्या सवयीने, न घाबरता, गाडी हळूहळू पार केली. पलीकडे निघाली तेव्हा स्वेटर पखालीसारखा गळत होता आणि आतल्या तापलेल्या इंजिनामुळे त्यातून वाफा येत होत्या. झोपडीतल्या मंडळींनी ती भिजलेली, वाफाळणारी, कानवाली वस्तू पाहिली आणि दोघांच्या हातातले पत्ते खाली पडले.

केतिल दारात आला. म्हातारा तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता थांबला. "साल्व्होर," तो म्हणाला, "ही तू आणलीस, की ही तुला घेऊन आली?"

"सूप आणलंय," ती म्हणाली, आणि भावाच्या गळ्यात पडली.

ती संध्याकाळ साल्व्होरने पोटभर जगून घेतली. मटणाचं सूप दोनदा वाढून झालं, सगळे दाटीवाटीने बाकांवर बसून गायले, आणि ओद्दुर, ज्याला बोटीवर कुणी गाऊ देत नसे, तोही गायला. केतिलने बहिणीला बाहेर नेऊन समोरची उतरण दाखवली. बापाचा घोडा जिथे बसकण मारायचा ती जागा तिला न सांगता ओळखू आली. थंडी वाजेपर्यंत दोघं तिथेच उभी राहिली.

सकाळी घोडं अडलं. ओद्दुर नेहमीप्रमाणे कड उचलून बघायला गेला आणि कड उचलेना. एयरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की लोकरीला ऊन पाणी आणि घुसळण मिळाली की ती आटते. तशी आटवूनच तर घोंगड्या करतात. खाली तापलेलं इंजिन, वर नदीचं पाणी, आणि दिवसभराची खडखड. अख्ख्या विणकाम मंडळाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. रात्रीतून स्वेटर आटून, जाड होऊन, जीपच्या अंगाला कातडीसारखा बसला होता. नाड्यांच्या गाठी दगड झाल्या होत्या. बोटाचं पेर आत जाईल एवढीही फट नव्हती.

"आता बघू कसं?" ओद्दुर म्हणाला. "आत काय झालं असेल ते बघू कसं?"

"बघायचं नाही," साल्व्होर म्हणाली. "आम्ही तुम्हा पुरुषांच्या डोक्यात काय चाललंय ते कधी उघडून बघतो का? विश्वास ठेवतो."

"कात्री कुठाय?"

पण तेवढ्यात केतिलची आरोळी आली, कळप उतरायला लागला होता, आणि डोंगरराजाच्या आरोळीपुढे कात्री शोधत बसायची कुणाची टाप नव्हती.

उतरताना जे झालं त्याची गोष्ट सेल्दालुरमध्ये अजून सांगतात, आणि दर वेळी मेंढ्यांची संख्या वाढते. खरी गोष्ट एवढीच की डोंगराच्या खांद्यावर काही मेंढ्या बिथरून उलट्या वळल्या, आणि त्यांना समोर दिसली ती एक अवाढव्य, शांत, पांढरी मेंढी, ओल्या लोकरीच्या वासाची, संथपणे खाली निघालेली. त्या तिच्या मागे लागल्या. त्यांच्या मागे बाकीच्या. ओद्दुरला आरशात मेंढ्यांशिवाय काही दिसेना.

"साल्व्होर, माझ्या मागे कोण कोण आहे?"

"सगळं खोरं."

"थांबू का?"

"थांबलास तर त्या आत येऊन बसतील. चालव."

आणि केतिलची कुत्री, स्क्वेत्ता, जन्मभर मेंढ्या वळवण्याचं एकच काम केलेली. तिने एकदा या नव्या मेंढीकडे पाहिलं, ही पुढे पुढे जाते आहे, वळणावर सरळ जाईल, हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती पुढे धावून जीपच्या चाकांसमोर पोटावर दबकून बसली. ओद्दुरने घाबरून डावीकडे वळवलं. ती डावीकडे आली. उजवीकडे वळवलं. ती उजवीकडे. कुत्री चिरडायची नाही आणि रंगाला कुंपण लागू द्यायचं नाही, या दोन्हींच्या मधून तो हाकला गेला, थेट मेंढ्या कोंडायच्या दगडी वाड्याच्या उघड्या फाटकातून आत. मागोमाग शेकडो मेंढ्या. फाटक लागलं. भिंतीवर बसलेल्या गावाने टाळ्यांचा कडकडाट केला आणि स्क्वेत्ता जीभ बाहेर काढून कौतुकाची वाट बघत बसली.

तो वाडा गोल आहे. मधे अंगण, भोवती कापलेल्या केकसारखे कप्पे, एकेक कप्पा एकेका शेताचा. लोक अंगणात शिरून मेंढीचा कान बघतात. प्रत्येक घराची कानाची खूण ठरलेली असते, कुणाचं टोक कापलेलं, कुणाची खाच, आणि ती बघून मेंढी आपापल्या कप्प्यात ओढून नेतात. ज्या मेंढीच्या कानाला खूण नाही तिला मालक नाही. ती खोऱ्याची होते आणि तिथेच बोली लावून विकतात. हा कायदा फार जुना आहे आणि त्याची कुणी थट्टा करत नाही. किंवा त्या दिवसापर्यंत केली नव्हती.

केतिल मेंढ्यांतून वाट काढत जीपपाशी आला. त्याने गंभीरपणे डावी बाही मागे सारली, आरशाचं निळं कवच उघडं केलं, त्यावरून अंगठा फिरवला. मग उजवी.

"खूण नाही," तो भिंतीवरच्या लोकांना म्हणाला.

"नाही?" लोकांनी विचारलं.

"दोन्ही कान कोरे. लोकर आहे, फाटकातून कळपाबरोबर आली, कुत्रीने आणली. खोऱ्याची झाली."

"केतिल," ओद्दुर काचेतून डोकं काढून म्हणाला, "ही जीप आहे."

"ते मी बघत नाही. मी कान बघतो." केतिलने हात वर केला. "बोला."

भिंतीवरून बोल्या सुरू झाल्या. कुणी दोन एडके देऊ केले. कुणी एक घोडा, थोडासा लंगडा. रान्व्हेगने, जी मुद्दाम टपाल कचेरी बंद करून आली होती, ब्लूबेरीच्या मुरंब्याच्या सगळ्या बरण्या आणि वर आपला धाकटा जावई देऊ केला. हसण्याने मेंढ्या बिथरत होत्या. ओद्दुरही आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की केतिल हसत नाहीये. डोंगरराजाने वाड्यात एकदा शब्द उच्चारला की तो मागे घेत नाही, आणि हे त्याचं शेवटचं वर्ष होतं. कुणी त्याची जीप खरोखर नेणार नव्हतं. पण आज खूण न करता ओद्दुर गाडी बाहेर काढता, तर मरेपर्यंत तो सेल्दालुरात पाहुणाच राहता. हे साल्व्होरला कळलं. इतकी वर्षं तो इथे पाहुण्यासारखाच यायचा, कॉफी प्यायचा, घड्याळ बघायचा. माझं माहेर हा सोसतो, असं तिला मनातून वाटत आलं होतं आणि ते तिने कधी त्याला बोलून दाखवलं नव्हतं. फडक्याने पुसलेल्या त्या निळ्या रंगावर सुरी लाव, असं ती कोणत्या तोंडाने म्हणणार होती?

ओद्दुर खाली उतरला. मेंढ्यांत गुडघ्याएवढा रुतून तो उभा राहिला आणि त्याने खिशातली सुरी काढली.

"माझी खूण नाही," तो म्हणाला. "आम्ही समुद्रवाले. माशांना कान नसतात." मग तो तिच्याकडे वळला. "तुझी आहे ना? तुझ्या वडिलांनी दिलेली?"

"आहे," साल्व्होर म्हणाली. एकही मेंढी नसताना ती खूण तिने आजवर आपल्या नावावर ठेवली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"कशी असते?"

"उजवा कान टोकाला सरळ कापलेला. डाव्याला मागून अर्धचंद्राची खाच." ती जवळ सरकली. "ओद्दुर, कडेला काढ. दिसणार नाही अशी."

"दिसणार नाही तर खूण कसली?"

त्याने उजव्या आरशाच्या कवचावर सुरी टेकवली. रंग कापला जातानाचा आवाज अगदी बारीक होता, पण मेंढ्यांच्या ओरडण्यातूनही तो साल्व्होरला नीट ऐकू आला. सरळ रेघ, इंजिनवाल्याच्या हाताची, तसूभर न हललेली. मग डावीकडे जाऊन अर्धचंद्र, हळूहळू, जीभ दातांत धरून. केतिलने दोन्ही कान तपासले, अंगठा फिरवला.

"साल्व्होरची आहे," तो म्हणाला. "न्या तुमच्या कप्प्यात."

साल्व्होर रडत होती आणि हसतही होती, आणि नाक पुसायला जवळ काही नव्हतं म्हणून तिने एका मेंढीची मदत घेतली.

मग जीप भादरली. दुसरा इलाज नव्हता. आटलेली लोकर कात्रीने निघत नाही, तिला मेंढ्या भादरायची अवजारंच लागतात, आणि ती चालवणारे हात तिथे पन्नास होते. गळ्यापासून सुरू करून पोटाकडे, एका सलग तुकड्यात, कातडं सोलल्यासारखा स्वेटर निघाला. आतून वाटीवाटीने नदीची रेती खाली पडली. लोक पुढे सरकले आणि तिथेच थबकले.

बॉनेटवर एकही खड्याएवढा टवका नव्हता. पण लोकर आणि रंग यांच्यामध्ये शिरलेल्या रेतीने उरलेलं सगळं घासून काढलं होतं. ब्लूबेरीचा निळा कुठे नव्हता. शाळेत ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखी जीप मंद, भुरकी झाली होती, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत. रान्व्हेगने आयुष्यात पहिल्यांदाच विषय काढला नाही.

ओद्दुर वाकला. बॉनेटवर हात फिरवला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पुन्हा उलटा. मग सरळ झाला.

"एकही दगड लागला नाही," तो म्हणाला.

हसू आधी रान्व्हेगला फुटलं, मग केतिलला, मग भिंतीवर बसलेल्या सगळ्यांना, इतकं की एक काका भिंतीवरून मेंढ्यांत पडले आणि मेंढ्यांनी त्यांना झेललं. साल्व्होर त्याच्या छातीवर डोकं टेकून हसली. त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास येत होता.

घरी निघताना फाटकाबाहेर दोन रस्ते होते, एक खाली डांबराकडे, एक नदीच्या वरच्या अंगाने, ज्याच्या पुढे काय आहे ते तिनेही पाहिलं नव्हतं. ओद्दुरने चाक वरच्या रस्त्याकडे वळवलं.

"तिकडे वाट हरवते म्हणतात," साल्व्होर म्हणाली.

"हरवू दे की," तो म्हणाला. "तुझी खूण आहे आता. हरवलो तरी लोक आणून तुझ्याच दारात सोडतील."